विभावरीची चेष्टा

अंबरीशला मी माफ केलेलं नाही अन् करणारही नाही. मंडळातल्या बाया म्हणतात, "वहिनी, जाऊ द्या नं आता, रोज त्याचं तोंड पाहायचं आहे आपल्याला." अवं, तोंड पाहायचं आहे हीच तर मजा आहे! यंदाच्या गणपतीनंतर त्याचं तोंड जे उतरलं आहे, ते पाहायला मी भर उन्हात रिक्षा करून मंडळात जाते. जाते, समोरच्या खुर्चीवर बसते, पाणी पिते अन् परत येते.

पण मला सांगायचं आहे ते विभावरीचं. विभावरी सुभेदार ही माझी धाकटी जाऊ. आमचं घर कांचघर मोहल्ल्यात, खाली आम्ही अन् वर ते दोघं. सुभेदार घराणं जबलपुरात इतक्या पिढ्यांपासून आहे की मूळ गाव कोणतं, यावर दर दिवाळीत भांडण होते अन् दर दिवाळीत ते अर्धवट राहते. विभावरीचं माहेरही याच गल्लीतलं. लग्नात पाठवणीच्या वेळी ती रडली तेव्हा सगळे हसले होते, कारण चार घरं ओलांडून जायचं होतं. मी नागपूरची, म्हणून माझी जीभ जरा तिखट आहे. विभावरीची नाही. ती टीव्हीवरच्या जाहिराती पाहून रडते, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधते, अन् हसली की खालच्या मजल्यावर माझ्या डब्यांना ऐकू जाते.

ती एका हिंदी शाळेत केजीला शिकवते. दिवसभर "बच्चों, लाइन से चलो, धक्का मत दो." घरी आली की मराठी. तिचा नवरा पुंडलिक फॅक्टरीत आहे अन् फारच कमी बोलतो. त्याला बोलतं करायला चहा द्यावा लागतो, अन् चहा झाला की तो झोपतो. पोरगी सलोनी इंदूरला हॉस्टेलमध्ये. म्हणजे बाई तशी चारचौघींसारखीच. फक्त एक गोष्ट तिच्यात वेगळी होती. तिला नाटकाचं वेड होतं. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी तिचं काहीतरी असायचंच. ती उभी राहिली की मागच्या रांगेतली पोरंही मोबाइल खिशात टाकायची. मी विंगेत कागद धरून उभी राहायची, पण मला कधी एक शब्द सुचवावा लागला नाही.

आता हा अंबरीश. हाही आमच्याच गल्लीतला. त्याची आई कुंदाकाकू विभावरीच्या माहेराला लागून राहायची. विभावरीची आई टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला, म्हणून शाळेतून आली की पोरगी काकूच्या अंगणात. काकू हिवाळाभर मटर सोलत बसायची अन् गोष्टी सांगायची. विभावरी म्हणते, मी नाटक तिथं शिकली. काकूच्या गोष्टीत कोंबडी वेगळी बोलायची, बैल वेगळा बोलायचा, अन् सोलता सोलता दाणे कमी व्हायचे, कारण अर्धे पोरांच्या तोंडात जायचे.

अंबरीश नोकरीसाठी पुण्याला गेला अन् काही वर्षांनी परत आला. येताना सामान काय आणलं माहीत नाही, पण जीभ नवी आणली. आल्या आल्या मंडळाचा सांस्कृतिक सचिव झाला अन् लोकांची मराठी तपासायला लागला. कोणी बिचारं म्हणालं, "मी येऊन राहिलो," की हा लगेच, "येऊन कुठे राहिलात? मंडळात की धर्मशाळेत?" कोणी "काहून" म्हटलं की कानावर हात ठेवायचा. लोक हसायचे. ज्याच्यावर हसले तोही हसायचा, काय करणार? हळूहळू मंडळात म्हाताऱ्या माणसांनी बोलणंच कमी केलं. आली, प्रसाद घेतला, गेली.

अन् स्वतःच्या आईचं काय केलं यानं? तिला कांचघरातून उचलून नेपियर टाऊनच्या फ्लॅटमध्ये नेलं. पाहुणे आले की सांगायचा, "आई, तू फक्त नमस्कार कर." फक्त नमस्कार! जिच्या गोष्टी ऐकायला अर्धी गल्ली अंगणात बसायची, ती बाई हात जोडून आतल्या खोलीत जायला शिकली. मी एकदा भेटायला गेली तेव्हा हा समोर बसून होता, अन् काकू माझ्याशी डोळ्यांनी बोलून राहिली होती. मला तेव्हाच याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती. उगाच सोडला.

मग मागच्या वर्षीचा तो गणपती आला. विभावरीनं एक छोटा प्रवेश बसवला होता, मुलाची वाट पाहणाऱ्या एका बाईचा. उन्हाळाभर गच्चीवर त्याची तयारी करत होती. स्वतःच लिहिला होता. पहिल्यांदाच स्वतःचं काही घेऊन उभी राहणार होती, म्हणून घाबरली होती. सुरू करायच्या आधी पुढं आली अन् हात जोडून म्हणाली, "मी आज एक छोटीशी चेष्टा केली आहे. आपण गोड मानून घ्यावी."

आता हे जबलपूरबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश, प्रयत्न. तिच्या शाळेत वार्षिकोत्सवाला हेच म्हणतात, "बच्चों ने एक छोटी सी चेष्टा की है." दरवर्षी ऐकून ते तिच्या तोंडात बसलं होतं. अन् मराठीत चेष्टा म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. आम्हा दोन भाषांत राहणाऱ्यांकडून हे होते. सासऱ्यांनी नणंदेच्या लग्नात तिच्या नागपूरच्या सासरच्यांना सांगितलं होतं, "पोरीला आम्ही उत्तम शिक्षा दिली आहे," अन् ते बिचारे पोरीच्या पाठीवर वळ शोधून राहिले होते. घरात आपण यावर हसतो अन् सोडून देतो.

अंबरीशनं सोडलं नाही. तो माईकवरच होता. म्हणाला, "विभावरीताईंनी आधीच कबूल केलं आहे की नाटकाची चेष्टा होणार आहे. तेव्हा मंडळी, हसायला हरकत नाही!"

सगळं सभागृह हशानं फुटलं. अन् एकदा हसायला लागलेले लोक थांबतात का? ती बाई दाराशी उभी राहून मुलाला हाक मारते, तिथं हसले. ती ताट वाढून झाकून ठेवते, तिथं हसले. विभावरीच्या डोळ्यांतून खरं पाणी येऊन राहिलं होतं अन् पुढच्या रांगेत लोक रुमालानं तोंड दाबून बसले होते. तिनं शेवटपर्यंत केलं. पळाली नाही. विंगेत आली. मला फक्त एवढंच म्हणाली, "वैनी, घरी चला."

घरी पोचायच्या आत अंबरीशनं त्या नाटकाचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. त्यानंतर तिचं नाव चेष्टाताई पडलं. भाजी घ्यायला गेली तरी मंडळातलं कोणी भेटायचं, "काय चेष्टाताई, पुढची चेष्टा कधी?" तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या.

मी त्याला गाठला बरं का. बडकुल हलवायाकडं जिलबी घ्यायला रांगेत उभा होता. मी म्हटलं, "काहो, एका बाईला इतक्या लोकांत रडवून तुम्हाला काय मिळालं?" तर म्हणतो, "अहो वहिनी, विनोद होता तो. विनोदबुद्धी हवी माणसाला." मी म्हटलं, "विनोद सांगणाऱ्यानं स्वतःवर सांगावा. तुमच्या शर्टाची बटणं वरखाली लागली आहेत, मी सांगू का सगळ्यांना?" बटणं नीटच होती. पण त्यानं खाली पाहिलं, अन् तेवढ्यात मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. तेवढ्यानं काय होते म्हणा. माझं पोट भरलं नाही.

विभावरीनं नाटक सोडलं. तेवढंच असतं तरी मी सहन केलं असतं. पण ती मराठी बोलायची थांबली. खाली यायची तर, "भाभीजी, थोड़ी शक्कर देना." मी भाभीजी! पुंडलिकशी हिंदी, दूधवाल्याशी हिंदी, देवाशीही बहुतेक हिंदीच. मी रागावली, समजावलं, एकदा तर ताट आपटलं. ती नुसती हसायची. ते खाली माझ्या डब्यांना ऐकू जाणारं हसू नाही, ओठांपुरतं.

यंदा श्रावणात मंडळाच्या ग्रुपवर आलं की गणपतीत ज्येष्ठ सभासद म्हणून श्रीमती कुंदाताईंचा सत्कार. पोरगाच सचिव, आईचाच सत्कार, शाल-नारळ सगळं घरच्या घरी. मी वाचून दात खाल्ले. संध्याकाळी विभावरी खाली आली, ओट्यापाशी उभी राहिली अन् कितीतरी दिवसांनी म्हणाली, "वैनी, मला त्या दिवशी बोलायचं आहे. तुम्ही विंगेत राहाल का?"

वैनी म्हणाली! माझ्या हातातली वाटी राहिली तशीच. मी म्हटलं, "राहीन. पण तो उभा राहू देईल का तुला?"

ती स्वतः गेली त्याच्याकडं. मी बरोबर होतीच. यानं चष्म्यावरून पाहिलं, "अरे वा, ताई! या की. सत्कारानंतर जरा हलकंफुलकं हवंच होतं लोकांना. नाव काय ठेवलंत?"

"चेष्टा," विभावरी म्हणाली.

तो इतका हसला की त्याला खोकला आला. लगेच ग्रुपवर टाकलं, लोकाग्रहास्तव चेष्टाताई पुन्हा येत आहेत. मी जिन्यात तिला म्हटलं, "चल, आता याला सोलून काढू."

माझ्या डोक्यात सगळं ठरलं होतं. त्याची नक्कल करायची. तो बोलताना उपरणं कसं सावरतो, "ण" म्हणताना मान कशी ताणतो, "कुठे राहिलात" म्हणताना भुवई कशी उडवतो. विभावरीनं माझ्या स्वयंपाकघरात ते करून दाखवलं अन् मी हसून हसून खाली बसली. हुबेहूब! मी म्हटलं, "झालं. याच्यानंतर तो मंडळात पाय ठेवणार नाही."

पण दोन-चारदा करून ती थांबली. उपरण्याच्या जागी घेतलेला माझा नॅपकिन घडी करून ठेवला. म्हणाली, "हे नाही करणार मी."

"काहून?"

"याच्यात मी कुठं आहे, वैनी? मी त्याच्या मागं लपून राहिली. लोक त्याच्यावर हसतील अन् घरी जातील. त्यानं माझ्याबरोबर तेच केलं होतं. मला याच्याहून जास्त पाहिजे."

"जास्त म्हणजे काय?"

"मी माझंच सांगीन. मला काय झालं ते. जसं बोलता येते तसं. माझी लाज मीच दाखवली तर मग लोक त्याच्याकडं पाहतील. त्याला रडवायचं तर मलाही आहे, वैनी. पण दुसऱ्याचं तोंड लावून नाही."

मला ते पटलं नाही. अगं बाई, एकदा कपडे फाडले त्यानं तुझे लोकांसमोर, आता तू आपल्या हातानं फाडणार? तोच माईक, तेच लोक, तोच शब्द! ते पुन्हा हसले तर तू परत कधी उभी राहणार नाहीस, मला माहीत आहे. मी हे सगळं तिच्या तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "हो. नाही राहणार." एवढंच, शांतपणे.

अन् त्याच्यावर कडी म्हणजे, शेवटच नव्हता. ती शेवटी कुंदाकाकूची एक गोष्ट सांगणार होती, मटरच्या दाण्याची. मी म्हटलं, मग पुढं काय होते त्या दाण्याचं? तर म्हणते, "मला माहीत नाही. काकू सांगायची तेव्हा मी तिथपर्यंत झोपून जायची. शेवट मी कधी ऐकलाच नाही."

"मग लावू की आपण काहीतरी! मी लावून देते."

"नाही. तो काकूचा आहे. मी तिथं थांबीन अन् काकूकडं पाहीन."

"अन् ती बोलली नाही तर? ती कोणासमोर तोंड उघडत नाही, विभे! तिला बोलू देत नाही तो!"

"माहीत आहे. मग मी तशीच उभी राहीन."

मी कपाळावर हात मारला. वर जाऊन पुंडलिकला म्हटलं, "भाऊजी, तुम्ही तरी समजवा हिला. वेड लागलं आहे." तो चहा पिऊन राहिला होता. कप संपवून म्हणाला, "वहिनी, ती माझ्याशी हिंदीत भांडायची. परवापासून मराठीत भांडून राहिली. मला हेच चालते." अन् झोपला.

गणपतीचा तो दिवस. सभागृह खच्चून भरलं होतं. अर्धे तर तमाशा पाहायलाच आले होते. सलोनी इंदूरहून आली होती, तीही मागं बसली. आधी सत्कार झाला. अंबरीशनं आईला हाताला धरून वर आणलं, तिच्या कानात काहीतरी म्हणाला, अन् काकूनं हात जोडले. बस. तिच्या वतीनं हाच बोलला, लांबलचक, सगळं शुद्ध. ती शाल पांघरून, नारळ मांडीवर धरून पहिल्या रांगेत बसली, लहान पोरीसारखी. मग यानं माईकवर डोळा मिचकावला, "आणि आता, सावध बसा मंडळी, चेष्टा!"

हसू तिथूनच सुरू झालं. विभावरी साध्या सुती साडीत पुढं आली. माईक नको म्हणाली.

"नमस्कार. मी विभावरी सुभेदार, कांचघर. आज मी तुमच्यासमोर एक छोटीशी चेष्टा केली आहे. गोड मानून घ्या."

काय हसले लोक! टाळ्या, शिट्ट्या. ती उभीच. हसली नाही, चिडली नाही. सगळं ओसरू दिलं, अन् तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा म्हणाली. पुन्हा हसले, पण कमी, अन् काही जण एकमेकांकडं पाहायला लागले. तिनं तिसऱ्यांदा म्हटलं. आता कोणीच हसलं नाही. कुठं तरी एक खुर्ची वाजली.

"हसून झालं असेल तर सांगते," ती म्हणाली. "माझ्या शाळेत चेष्टा म्हणजे कोशिश. मला वाटलं मराठीतही तेच. चुकली मी. त्या दिवशी मी नाटक केलं, त्यात एक बाई मुलाची वाट पाहून राहिली होती. मी खरी रडत होती अन् तुम्ही हसून राहिले होते. मला वाटलं, मीच वाईट केलं असेल. घरी गेली अन् आरशासमोर उभी राहिली. मी करते आहे. मी जाते आहे. मी येते आहे." तिनं ते करून दाखवलं, तोंड वाकडं करून, शाळेतल्या पोरासारखं पाठ म्हणत. लोक हसले, तीही हसली. मग हात कानाशी नेला, फोन धरल्यासारखा.

"सलोनीचा फोन आला. माझी पोरगी. मी म्हटलं, 'हाँ बेटा, खाना खाया?' ती म्हणाली, 'आई, तू माझ्याशी हिंदी काहून बोलून राहिली? मी काही केलं का?' मला तिला उत्तर द्यायचं होतं. काहून म्हणू का कशाला म्हणू, राहिली म्हणू का आहे म्हणू, ते ठरेचना. पोटच्या पोरीशी बोलताना मी व्याकरण शोधून राहिली होती. मग मी फोन ठेवून दिला. तिला वाटलं, आई रागावली."

हे मलाही ठाऊक नव्हतं. मी विंगेत पदर तोंडात कोंबून उभी होती. मागं सलोनी मुसमुसून रडत होती ते पुढंपर्यंत ऐकू येत होतं. अन् मग हळूहळू, एक एक करून, लोकांच्या माना अंबरीशकडं वळल्या. विभावरीनं त्याचं नाव घेतलं नव्हतं, त्याच्याकडं पाहिलंही नव्हतं. तो हातातल्या माईकची वायर सोडवून राहिला होता, जी अडकलेली नव्हतीच. मला इतका आनंद झाला, काय सांगू!

"मराठी मी पुस्तकातून शिकली नाही," विभावरी म्हणाली अन् रंगमंचावरच मांडी घालून बसली. "एका अंगणात शिकली." अन् मटर सोलायला लागली. समोर काही नाही, पण आम्हाला सूप दिसलं, सालं दिसली. तिचा आवाज बदलला, जाड झाला, मधूनच हसरा झाला. पहिल्या रांगेत कुंदाकाकूनं मान वर केली.

"एक होता मटरचा दाणा. शेंगेत भाऊ दाटीवाटीनं बसलेले. हा म्हणे, मी नाही बाप्पा यांच्यातला, मी मोती. मारली उडी अन् चालला गडगडत मझौलीहून जबलपूरला. रस्त्यात भेटली कोंबडी. काहून रे दाण्या, कुठं चालला? दाणा कोणाला म्हणते? मी मोती आहे! पुढं भेटला बैल. काहून रे दाण्या, कुठं चालला?" दुसऱ्या खेपेला लहान पोरं तिच्याबरोबर ओरडली, "काहून रे दाण्या!" तिसऱ्या खेपेला म्हातारे ओरडले. वर्षानुवर्षं त्या सभागृहात ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं ते सगळे, खड्या आवाजात, काहून रे दाण्या!

"तर दाणा पोचला सोनाराच्या दुकानात. सोनारीण बसली होती. तिनं उचलला, डोळ्याजवळ नेला, अन् म्हणाली..."

विभावरी थांबली.

"पुढचं मला येत नाही," ती म्हणाली. "मी झोपून जायची." अन् काकूकडं पाहत राहिली.

काकू खाली पाहत होती. नारळावर दोन्ही हात. कोणी खोकललं. विभावरी रिकाम्या हातांनी तशीच बसून, चेहऱ्यावर काहीच लपवायला नाही, भीतीसुद्धा नाही. मी विंगेत देवाला शिव्या घालून राहिली होती. माझ्या हातात कागद नव्हता, मी सुचवणार काय? अन् तो अंबरीश! त्याला तेवढंच पाहिजे होतं. माईक घेऊन उठला, आवाजात एकदम जीव आला, "असू द्या ताई, असू द्या. प्रयत्न, आपलं, चेष्टा छान होती..."

"असं नाही वं ते."

आवाज इतका गंजलेला होता की कोणाचा ते आधी कळलंच नाही. काकू उठून उभी राहिली होती.

"तू घाई करून राहिली, विभे. सोनारीण एकदम नाही बोलत. आधी नवऱ्याला हाक मारते. अहो, ऐकलं का, हा म्हणतो मी मोती! सोनार म्हणतो, मोती आहे तर दाब जरा अंगठ्यानं." काकूनं नारळ खुर्चीवर ठेवला अन् अंगठा पुढं केला. "तिनं दाबला. फट्! साल इकडं, अन् आतून दोन हिरव्या डाळी!"

सभागृह असं हसलं की वरचे पंखे हलले असतील. अन् हसता हसता सगळे बघत होते ते अंबरीशकडं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो भराभर चालत काकूजवळ आला, तिचा दंड धरला अन् खालच्या आवाजात म्हणाला, "आई, बस. चल घरी. लोक हसून राहिले."

काकूनं दंड सोडवून घेतला. ती काही ओरडली नाही. पण तिच्या आवाजाला अंगणाची सवय होती, शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"हसू दे, अंबू. ते गोष्टीवर हसून राहिले. माझ्यावर तू सोडून आजवर कोणी हसलं नाही."

मग ती लोकांकडं वळली, शाल काढून खुर्चीवर टाकली अन् दाण्याचं पुढं काय झालं ते सांगायला लागली. विभावरी हनुवटीखाली हात घेऊन ऐकत बसली. अंबरीश मधल्या वाटेत माईक धरून उभा होता, अन् त्याला बसा म्हणायला कोणी उठलं नाही.